अकरा वाजताचे दोन लाडू

आमचे डॉक्टर सर वजनकाट्याकडे बघत होते आणि मी माझ्या हातातल्या वहीकडे. काटा साडेसेहेचाळीस किलो दाखवत होता. वही सांगत होती की काट्यावर उभी असलेली बाई रोज दोन अंडी, दोन वाट्या घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही आणि शेंगदाण्याचे लाडू खाते. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि काट्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"सुरुवातीला बावन्न होतं," सर मला म्हणाले. "मॅडम, तुमचा डाएट नक्की चालू आहे ना?"

मी वही पुढे केली. सरांनी दोन पानं उलटली आणि परत दिली. त्यांचंही डोकं चालेना, हे तोंडावर दिसत होतं.

वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी डायटिशियन आहे. कॅन्सरच्या पेशंटना काय खायचं, किती खायचं हे सांगणं आणि ते पोटात जातंय का हे बघणं, हे माझं काम. काट्यावरच्या बाई म्हणजे कुसुमताई. सिंदी रेल्वेच्या. अंगणवाडी सेविका म्हणून आयुष्य काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि केमोच्या सहापैकी चार सायकल झाल्या होत्या. सायकल म्हणजे औषधाची एक फेरी. एक दिवस सलाईनमधून औषध जातं, मग तीन आठवडे शरीराला सावरायला मिळतात. शरीर सावरलं नाही तर पुढची फेरी लांबते किंवा औषध कमी करावं लागतं. दोन्ही गोष्टी आजाराच्या सोयीच्या, पेशंटच्या नाहीत.

सरांनी पाचवी सायकल एक आठवडा पुढे ढकलली. पुढच्या सोमवारीही वजन उतरलेलं दिसलं तर डोस कमी करावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुसुमताई काट्यावरून उतरून स्टुलापर्यंत चार पावलं चालल्या आणि तेवढ्यानं त्यांना धाप लागली.

केमोतला थकवा हा दिवसभर शेतात निंदण करून येतो तसला नसतो. तो झोपून उठलं तरी जात नाही. म्हणून आम्ही पेशंटला पोटभर प्रोटीन घ्यायला सांगतो, रोज थोडं चालायला सांगतो आणि घरातली कामं दुसऱ्यांवर सोपवायला सांगतो. कुसुमताईंच्या म्हणण्यानुसार त्या हे सगळं करत होत्या. तरी दर खेपेला त्या जास्तच गळून गेलेल्या दिसायच्या.

त्या आठवड्यात मी पार चक्रावून गेले. आधी काट्यावर शंका घेतली. स्वतः उभी राहिले, काटा बरोबर होता, उलट नको तितका बरोबर होता. मग वाटीवर शंका घेतली, कारण एकीची वाटी म्हणजे दुसरीची पळी असते. कुसुमताईंनी मागच्याच खेपेला घरची वाटी पिशवीतून दाखवायला आणली होती, ती आमच्या मापाच्या वाटीपेक्षा मोठी निघाली. थायरॉइड, शुगर, सगळं ठीक होतं. उलट्या नव्हत्या, जुलाब नव्हते. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, पण एवढ्या थकव्याला पुरेल इतकं नाही. शेवटी माझ्या मनात वाईट शंका आली, की बाई सरळ खोटं लिहितात. पण ती वही बघितली की तसंही वाटेना. लाल शाईनं आखलेली, वेळा मिनिटांसकट, कुठे खाडाखोड नाही. खोटं लिहिणारी माणसं एवढी नेटकी नसतात, किंवा फारच नेटकी असतात. मला ठरवता येईना.

गुरुवारी हॉस्पिटलची गाडी कॅम्पसाठी सिंदीकडे जाते. मी ड्रायव्हरला विनंती करून तिच्यात बसले आणि साडेदहाच्या सुमाराला कुसुमताईंच्या दारात उतरले.

दार त्यांनीच उघडलं. आत खुर्चीवर रत्ना नावाची एक पस्तिशीची बाई बसली होती, मांडीवर स्टीलचा रिकामा डबा. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. कुसुमताईंचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, मुलगी नागपूरला सासरी, म्हणून मंडळातल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. दर दोन तासांनी एक जण यायची, घरून काहीतरी पौष्टिक करून आणायची आणि बसायची. हे ऐकून मला भरून आलं. एवढी माया फार थोड्या पेशंटच्या वाट्याला येते.

कुसुमताईंनी मला बसवलं आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी चहा नको म्हणाले. रत्ना अर्धवट उठली आणि आत बघून कुसुमताईंना म्हणाली, "बाई, तुम्ही बसा ना."

"पाहुण्याले गॅसजवळ उभं करू का मी?" आतून आवाज आला. ओट्याला एका हातानं धरून त्या चहा करत होत्या.

चहाबरोबर बशीत दोन शेंगदाण्याचे लाडू आले. मी एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं आपल्याकडे अपमानात मोडतं, आणि खरं सांगायचं तर सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन्ही खाल्ले. लाडू सुरेख होते.

मग मी कामाला लागले. वही मागितली आणि त्या दिवसाचं पान उघडलं. शेवटची ओळ नुकतीच लिहिलेली होती. "११ वाजता. शेंगदाण्याचा लाडू. २ नग."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या बोटांना अजून गूळ चिकटलेला होता.

मला खरंच क्षणभर काही उमजेना. मी वहीकडे बघितलं, बशीकडे बघितलं, रत्नाकडे बघितलं. तिलाही कळेना मी काय शोधतेय.

"ताई, हे लाडू तर मी खाल्ले."

"हो," कुसुमताई म्हणाल्या. "वाटप झालं, लिहून टाकलं."

"पण तुम्ही काय खाल्लं?"

"मॅडम, अंगणवाडीत आम्ही वाटपच लिवत होतो. खाऊ किती आला, किती वाटला. मी जलमभर असंच रजिस्टर भरलं. तुमच्या कागदावर बी वेळ, पदार्थ आन् प्रमाण एवढंच होतं. कोनं खाल्लं थे कुठं इचारलं तुमी?"

मी पर्समधून आमचा छापील तक्ता काढला. वेळ, पदार्थ, प्रमाण. तीन रकाने. नऊ वर्षं हा तक्ता मी पेशंटना देत होते. मला इतकी लाज वाटली की मी तो घडी करून परत ठेवून दिला.

तेवढ्यात पुढच्या पाळीची बाई उकडलेली अंडी घेऊन आली. कुसुमताई उठल्या आणि त्यांचा हात चहाच्या भांड्याकडे गेला. मी ते भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग बसवून एकेक गोष्ट विचारली, तेव्हा सगळं बाहेर आलं.

दिवसाला सहा बायका पाळीच्या, वर सहज डोकावणाऱ्या वेगळ्या. येणारीला नुसता चहा कसा द्यायचा? म्हणून आधीच्या बाईनं आणलेली अंडी पुढच्या बाईच्या बशीत जायची आणि तिचं धिरडं त्याच्या पुढच्या बाईच्या. येणारी एकटी कशी पिईल म्हणून कुसुमताई प्रत्येकीबरोबर अर्धा कप चहा घ्यायच्या. त्यानं भूक मरायची. केमोनं तोंडाला लोखंडासारखी चव आली होती, त्यामुळे जेवण नकोच वाटायचं. प्रत्येकीला गाठ कशी लागली इथपासून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची, तीही उठून बसून, कारण पाहुण्यांसमोर आडवं होणं त्यांना शोभत नव्हतं. संध्याकाळी नवरा यायचा तेव्हा वही भरलेली असायची आणि बाई रिकामी.

"मले वाटलं बिमारी आंगात पसरली," त्या खाली बघत म्हणाल्या. "एवढं थकाले होते म्हंजे दुसरं काय राहीन? पाचवी सलाईन घ्याचीच नाई, असं ठरवलंतं मी. घरच्या माणसाले बी नव्हतं सांगतलं."

रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला राग आला, पण तो कोणावर काढावा हे समजेना. बायकांवर काढावा तर त्या आपलं घरदार सोडून येत होत्या. वर रत्नानं सांगितलं की पाळ्या लावायची कल्पना त्यांची नव्हतीच. कुसुमताईंच्या नवऱ्यानं हॉस्पिटलचा कागद विहारात वाचून दाखवला होता. त्यात शेवटची ओळ होती, रुग्णाला एकटं ठेवू नये. ती ओळसुद्धा माझीच.

मी म्हटलं, उद्यापासून चहा बंद आणि लोकांचं येणं बंद. कुसुमताईंनी ठाम मान हलवली. दारात आलेल्या माणसाला परत पाठवून त्यांना जगायचंच नव्हतं. मी प्रोटीन समजावलं, पेशी समजावल्या, वजन आणि डोसचं गणित समजावलं. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा तेच म्हणायच्या. माझे उपाय संपले.

तेव्हा रत्ना उठली. तिनं नव्यानं आलेली दोन अंडी बशीत घेतली, मीठमिरी टाकली, आणि कुसुमताईंच्या समोर खाली मांडी घालून बसली.

"बाई, माह्या पोट्ट्याले तुम्ही खाऊ घरी नेऊ देत होत्या का?"

"नाई."

"काऊन?"

उत्तर रत्नानंच दिलं.

"घरी नेला का मोठे खातेत आन् लेकरू उपाशी राह्यते, असं तुम्हीच मले सांगतलं होतं. इथंच बसाचं, माह्यासमोर खाचं, मंग उठाचं. आता तुम्ही बी माह्यासमोर खा. मी चहा पिऊनच येतो घरून."

कुसुमताईंनी पहिलं अंडं उचललं. चव लागत नव्हती, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी दीड अंडं खाल्लं, वीस मिनिटं लागली, आणि कोणी कोणाशी काही बोललं नाही. अंगणवाडीत मुलांना जेवताना बोलू देत नाहीत, हे मला नंतर कळलं.

मग रत्नानंच नियम ठरवले. सहाऐवजी दोनच पाळ्या, एक सकाळी आणि एक दुपारी. येणारीनं घरून चहा घेऊन यायचं आणि त्या घरात काही तोंडात घालायचं नाही. बाई खाईपर्यंत बसायचं, मग बाईंनी आडवं व्हायचं आणि हिनं गप्प बसून राहायचं. आजाराची हकीकत विचारायला बंदी. मी फक्त लोखंडी चवीसाठी लिंबू आणि आलं सुचवलं. एवढंच काम माझ्या वाट्याला उरलं होतं.

सोमवारी काटा पावणेसत्तेचाळीस दाखवत होता. पाव किलो. बाजारात कोणी लक्षही देणार नाही एवढं वजन, पण सरांनी काटा दोनदा बघितला आणि पाचवी सायकल पूर्ण डोसनं लावली. थकवा गेला नव्हता. तो सगळा जातही नाही. पण कुसुमताई काट्यापासून स्टुलापर्यंत धाप न लागता चालल्या, आणि सलाईनच्या खुर्चीत स्वतःहून हात पुढे केला.

आमच्या तक्त्यात आता चौथा रकाना आहे, कोणी खाल्लं. माझ्या अनुभवातून काही शिकायचं असेल तर एवढंच, की पेशंटला प्रश्न अर्धवट विचारला तर तो अर्ध्याच प्रश्नाचं उत्तर अगदी प्रामाणिकपणे देतो.

नवा तक्ता छापून यायच्या आत कुसुमताईंनी आपल्या वहीत तो रकाना लाल शाईनं स्वतः आखला होता. मागची पानंसुद्धा आठवून आठवून भरली होती. सर ती वही चाळत होते. गुरुवारच्या पानावर थांबले आणि वाचू लागले, अकरा वाजता, शेंगदाण्याचा लाडू, दोन नग, कोणी खाल्लं, मॅडम.

"ही मॅडम कोण?" त्यांनी विचारलं.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. मी सरांना म्हटलं, पुढची पेशंट आत बोलवा.