धाकट्या साहेबांचा फेटा

विट्याच्या सभेत पाहुण्यांचे फेटे बांधणारा तो माणूस मी एकदाच पाहिला. आम्ही बायका औक्षणाला गेलो होतो. तो स्टेजमागे बसून स्वतःच्या गुडघ्यावर फेटा बांधत होता. मुख्यमंत्र्यांचा झटक्यात झाला. उपमुख्यमंत्र्यांचा मात्र बांधायचा, तुरा वितीनं मोजायचा आणि पुन्हा सोडायचा.

"धाकट्यालाच एवढा वेळ?" मी विचारलं.

"आवं आज्जी, थोरलं सायेब आरशातसुदीक बगत न्हाईत. धाकटं शेजारच्या डोक्याकडं बगत्यात. मागं कडेगावात तुरा बोटभर आखूड झाला, तर वरीसभर बोलावणं न्हाई. आज चुकलं, की माझा धंदा बसला."

मला हसू आलं. तरुणपणी मी महिला मंडळाची उपाध्यक्षा होते. अध्यक्षीणबाईंचा गजरा माझ्यापेक्षा लांब दिसला, म्हणून हळदीकुंकवातून तणतणत घरी आले होते. काय ध्यान होतं!

सभा सुरू झाली. धाकट्या साहेबांनी शेजारी तिरकं बघितलं आणि निवांत रेलून बसले. पडद्याआड फेटेवाल्यानं सुस्कारा सोडला आणि खुशीत मला नि माझ्या शेजारणीलाही फेटे बांधले. माझी नजर लगेच तिच्या तुऱ्यावर गेली.

मंडळाचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"आज्जी," तो म्हणाला, "तुमी कशाच्या उपाध्यक्षा?"