माझं पित्त, ह्यांच्या नावावर

माझ्या पोटात आग पडायची आणि गोळ्या आमच्या ह्यांच्या नावावर यायच्या. असं दीड महिना चाललं. तेवढ्या काळात ह्यांची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती राहिली यात माझ्या हुशारीचा काही भाग नव्हता.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीत एका खोलीत राहत होतो. हे मूळचे देवगाव रंगारीकडचे. सासऱ्यांनी मेंढरं विकली आणि हे चिकलठाण्याच्या कारखान्यात मशीनवर उभे राहिले. (मेंढरांमागं निदान फिरायला तरी मिळायचं, असं हे म्हणायचे.) चार वर्षं झाली तरी टेंपररीच होते. त्या वर्षी मात्र कंपनी दहा माणसं परमनंट करणार अशी बातमी होती, आणि ह्यांचं नाव त्या दहात असेल असं सुपरवायझर दोनदा बोलला होता. आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. सासूबाई संध्याकाळी दिवा लावताना देवालासुद्धा परमनंट म्हणजे काय ते समजावून सांगायच्या.

माझा त्रास साधा होता. कपडे धुवायला वाकलं की आंबट पाणी घशाशी यायचं. छातीत असं जळायचं, की कुणीतरी आत चूल पेटवून विसरून गेलंय. कारण तेव्हा कळलं नाही, आता कळतं. दुसरी पाळी असली की हे रात्री साडेबाराला घरी यायचे, आणि हे जेवल्याशिवाय मी जेवत नसे. आमच्यात तशी रीतच होती. ती कुणी सांगितलेली नव्हती, पण मोडलेलीही कुणी पाहिली नव्हती. तोवर चहावर चहा. मग एक वाजता ठेचा, भाकरी, तळाला उरलेली येसराची झणझणीत आमटी, आणि भांडी घासून लगेच आडवं व्हायचं. पोटाने तरी काय करावं!

शेजारच्या रशीदाभाभीने मला छाती दाबून बसलेलं पाहिलं. तिचा नवराही त्याच कंपनीत होता.

"कार्ड हय ना तुम्हारे पास? फिर कायकू जलते बैठना?" ती म्हणाली.

कार्ड म्हणजे कामगारांच्या दवाखान्याचं. त्यावर पहिलं नाव ह्यांचं, खाली आम्हा सगळ्यांची. ते पदरात गुंडाळून मी एकटीच दवाखान्यात गेले. खिडकीतल्या कंपाउंडरने कार्ड हातात घेऊन साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "त्रास कुणाला?"

माझ्या मागे खाकी कपड्यांतले पंधरा-वीस पुरुष रांगेत उभे होते. सगळ्यांचे कान माझ्याकडे लागले. निदान मला तरी तसं वाटलं.

"घरी," मी म्हणाले.

"घरी कुणाला?"

"ह्यांना."

त्याने ह्यांच्या नावापुढे खूण केली. आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगू, असं मी ठरवलं होतं. पण डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न आला, ढेकर येतात का. आता परक्या पुरुषासमोर बाईमाणसाने आपल्या ढेकराचं कसं सांगायचं? मी म्हणाले, येतात त्यांना. आंबट? आंबट. रात्रीचं जेवण किती वाजता? एक वाजता. मग? मग लगेच झोपतात. पोट साफ होतं का, या प्रश्नाला तर मला ह्यांच्या नावानेही उत्तर देता येईना. मी नुसती मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलली ते डॉक्टरांनी ठरवलं.

डॉक्टर मोठे भले होते. पेशंट स्वतः का आला नाही, असं त्यांनी विचारलं. कामावर असतात, असं मी सांगितलं. (दिवसभरातलं माझं हे एकच खरं वाक्य!) त्यांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक गोळी दिली आणि जेवणानंतर चघळायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. मिरची बंद, उपाशीपोटी चहा बंद, तळलेलं बंद. थोडं थोडं खायचं, रात्री आठच्या आत जेवायचं, जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही, झोपताना उशाशी उंच घ्यायचं. मी सगळं पाठ करून आले. शाळेत कविता पाठ व्हायची नाही, पण हे झालं.

गोळ्या लपवणं सोपं होतं. उशाला घोंगडीच्या चार घड्या घातल्या, तेही खपलं. अडलं ते जेवणावर. मी सगळ्यांच्या शेवटी, त्याच पातेल्यातलं जेवणार. माझ्यापुरतं वेगळं बिनतिखटाचं शिजवलं तर कुणासाठी म्हणून सांगायचं? तेव्हा मी सरळ साऱ्या घरालाच पथ्यावर बसवलं. दुधी, मुगाचं वरण, मऊ भात. ठेच्याचा खलबत्ता धुऊन पालथा घातला.

दोन दिवस सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाटी वाकडी करून वरण खाली ओघळताना बघितलं.

"काय गं, कोण बाळंत झालंय आपल्या घरात?"

मी म्हणाले, उन्हाळा आहे. तेव्हा मार्गशीर्ष चालू होता.

मग सासूबाईंनी डबे हुडकले आणि तिखटाच्या डब्यात त्यांना गोळ्या सापडल्या. (घरात तिखट बंद, म्हणून तो डबा कुणी उघडणार नाही, असा माझा अंदाज होता.) कुणाच्या, म्हणून विचारलं. माझी जीभ त्या वाटेला आता लागलेलीच होती. म्हणाले, "ह्यांच्या. पण त्यांना बोलू नका आत्याबाई, डॉक्टरांनी त्यांना सांगायचं नाही म्हटलंय."

हे शेवटचं वाक्य मी का जोडलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सासूबाई मटकन खाली बसल्या. ज्याचा आजार त्यालाच सांगत नाहीत, म्हणजे आजार केवढा असेल, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या दिवसापासून ह्यांच्या ताटाचा कारभार त्यांनी आपल्याकडे घेतला. हे कांदा फोडायला गेले की कांदा उचलायच्या. डब्यात हिरवी मिरची घातली नाही ना, म्हणून डबा उघडून बघायच्या. हे चहा मागायचे तेव्हा दूध द्यायच्या आणि पदराने डोळे टिपायच्या. रशीदाभाभीलाही त्यांनीच कानात सांगितलं. तिने भाईसाबसाठी भिजवलेला सब्जा पाठवायला सुरुवात केली. रोज सकाळी हे तो पेला हातात घेऊन माझ्याकडे बघायचे आणि मी खाली बघायची.

आमचे हे म्हणजे भाकरीवर मिरच्या घेऊन वाढलेला माणूस. दुधीवर त्यांचं काय भागणार? पंधरा दिवसांत गालफडं बसली. पँटीला सुतळी बांधायची वेळ आली. मी मात्र सुधारत होते. घशाशी येणं थांबलं, झोप लागायला लागली, तोंडावर तेज आलं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सासूबाईंची नजर चुकवून आठ वाजता मी दोन घास मऊ भात उभ्यानेच गिळायची आणि वर गोळी चघळायची. आजारी मी आणि वाळले हे, असा तो इलाज होता.

एका गुरुवारी हे पहिली पाळी करून आले, ते जोडे न काढता दारातच बसले.

"खरं सांग. मला काय झालंय?"

मी पदराचं टोक तोंडात धरलं.

झालं होतं असं, की त्या भल्या डॉक्टरांना पेशंटची काळजी वाटली. एक वाजता जेवणाऱ्या माणसाचं पित्त गोळ्यांनी जायचं नाही, म्हणून त्यांनी आपणहून कंपनीला चिठ्ठी पाठवली, की या कामगाराला दुसरी आणि तिसरी पाळी देऊ नये. सुपरवायझरने ह्यांना बोलावलं. जो तिन्ही पाळ्या करील तोच परमनंट होणार, आणि यादी सोमवारी लागणार. हे म्हणाले, मला काही झालेलं नाही. त्याने ह्यांची गालफडं बघितली, कमरेची सुतळी बघितली, आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"वर्षभरात मी दवाखान्याची पायरी चढलो नाय," हे मला म्हणाले. "मंग डॉक्टरला माझं पोट कुणी सांगितलं?"

सासूबाईंना आता राहवेना. त्या रडत पुढे आल्या. "तुला कळू दिलं नाय बाबा. तुला लई मोठं पित्त हाय."

"मला?"

"ह्यांना नाय," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "माझं हाय ते. गोळ्या बी मीच खाल्ल्या."

सासूबाईंचं रडणं अर्ध्यात थांबलं.

"तुझं?" त्या म्हणाल्या. "तुला कशाचं पित्त गं? तू तर समद्यांच्या मागून जेवतीस."

मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते बी बारा-एकला."

हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शुक्रवारी खाडा केला तर यादीत उरलासुरला नंबर जायचा, म्हणून ते म्हणाले, "तूच जा. तू जे सांगितलं ते तुलाच मोडावं लागंल."

शुक्रवारी बस बंद. नामांतराचा मोर्चा निघाला होता. मी चालत निघाले. पुढच्या चौकापाशी रस्ता माणसांनी आणि निळ्या झेंड्यांनी भरून गेला, आणि कडेकडेने चालता चालता मी कधी बायांच्या रांगेत शिरले ते मला कळलंच नाही. माझ्याएवढीच एक बाई शेजारी चालत होती. लेकरू कडेवर, घोषणा तोंडात. तिने मला विचारलं, बाई, तुमी कुठल्या वस्तीतून? मी म्हणाले, मी दवाखान्यात चाललेय. काय होतंय, म्हणाली. मी चहूकडे बघितलं. इथे पंधरा-वीस नाही, नजर जाईल तिथवर माणसं होती.

"पोटात जळतं," मी म्हणाले.

तिने घोषणेच्याच आवाजात पुढे सांगितलं, "ह्या बाईच्या पोटात जळतंय, वाट द्या!" पुढच्या बाईने तिच्या पुढच्यांना सांगितलं. माझं पोट माझ्या आधी मोर्चाच्या टोकाला पोचलं. पुरुष बाजूला होऊ लागले. एका म्हाताऱ्याने गुळाचा खडा दिला, कुणी पाणी दिलं. विद्यापीठाच्या नावासाठी त्या बाया उन्हात घसा फोडत होत्या, आणि मी माझ्या पोटाला माझं नाव लावायला निघाले होते. मला भारी लाज वाटली, पण या वेळची लाज वेगळी होती.

बंदमुळे दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. मी थेट आत गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, ते सगळं माझं होतं. त्यांना काही कळेना. त्यांनी कागद काढला आणि एकेक ओळ वाचायला लागले.

"ढेकर?"

"माझे."

"आंबट पाणी?"

"माझं."

"एक वाजता जेवण?"

"ते बी माझंच."

"मग तुमच्या मालकांना नक्की काय होतं?"

"भूक लागते," मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तो चांगलाच वेळ पुसला. मग म्हणाले, बाई, आता मी त्यांना बघितल्याशिवाय एक अक्षर लिहिणार नाही. शनिवारी ह्यांची सुट्टी होती, तेव्हा हे गेले. डॉक्टरांनी पोट चारी बाजूंनी दाबून बघितलं, कुठे दुखतं म्हणून विचारलं. ह्यांनी सांगितलं, दुखत नाही साहेब, पण जरा लवकर सोडा, बाहेर भजी तळतायत. डॉक्टरांनी तिथेच चिठ्ठी लिहून दिली, की हा माणूस तिन्ही पाळ्या करायला धडधाकट आहे, त्याला फक्त खायला घाला. सोमवारी यादी लागली. ह्यांचं नाव आठवं होतं. सासूबाईंनी पेढे वाटले आणि रशीदाभाभीच्या सब्जाचा पेला धुऊन, त्यात साखर घालून परत केला.

डॉक्टरांनी मलाही नवीन कागद करून दिला होता. आठच्या आत जेवायचं, कुणासाठी थांबायचं नाही. तो हुकूम घरात सासूबाईंनी चालवला. "आठला बसायचं. कुणी नावं ठेवली तर मला ठेवू दे," असं म्हणून त्या स्वतः माझ्यापुढे ताट घेऊन बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून जेवले. नवरा कामावर असताना पोटभर जेवलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच सून.

दुसऱ्या पाळीहून साडेबाराला हे आले. हात धुतले, पाटावर बसले, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "जेवलीस?"

आधी कधी विचारायची गरजच पडली नव्हती. मला व्हय म्हणायचं होतं. जीभ उचलली, पण बाहेर आलं, "नाय."

"मंग बस," हे खूश होऊन म्हणाले, आणि ताटातला ठेचा अर्धा माझ्याकडे सरकवला. आता त्यांचं पथ्य सुटलेलं होतं, त्यामुळे त्या ठेच्यात महिन्याभराच्या मिरच्या होत्या.

तो आठवडाभर मी आठ वाजता डॉक्टरांसाठी जेवले आणि साडेबाराला ह्यांच्यासाठी जेवले. आधी मला उपाशी राहून पित्त झालं होतं, आता दोनदा जेवून झालं. साऱ्या मोर्चाला मी माझं पोट सांगून आले, पण नवऱ्याला "व्हय, जेवले" एवढं सांगायला मला गोळ्यांचं आणखी एक पाकीट लागलं.