एकटीनंच सांभाळायच्या कामाची मुलाखत

आटपाडीतल्या त्या संस्थेत मी मुलाखतीला गेले, तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. बाजाराचं निमित्त होतं, पण खरं म्हणजे त्या मला धीर द्यायलाच आल्या होत्या. सासर-माहेर दोन्हीकडं मी पहिली पदवीधर. वडूजच्या कॉलेजात बी.कॉम. झाले, सांगलीत गाड्यांच्या शोरूममध्ये सीआरएमचं, म्हणजे कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं काम शिकले. लग्न झालं, मुलगी झाली आणि शिकलेलं सगळं विसरायला होतंय की काय, असं वाटू लागलं. ही नोकरी मला फार हवी होती.

संस्था लहान, शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाचं काम करणारी. कुठला मेंढपाळ सध्या कुठं चरायला गेलाय, कुणाच्या मेंढरांना लस द्यायची राहिलीय, कुठल्या देणगीदाराला कधी फोन करायचा, हे सगळं कॉम्प्युटरवरच्या सीआरएममध्ये असायचं. ते चालवणारं माणूस मात्र एकच. त्याच जागेसाठी मी आले होते.

मुलाखत घ्यायला संस्थेच्या प्रमुख मॅडम आणि हिशेब बघणारे काका होते. सासूबाई ओसरीवर थांबणार होत्या, पण मॅडमनी त्यांनाही आत बसवलं आणि चहा सांगितला.

कामाचे प्रश्न झाले. एकाच माणसाची नोंद दोनदा झाली तर काय करशील, फोन लागत नसलेल्यांचा माग कसा ठेवशील, असे. ते मला येत होतं. मग काकांनी विचारलं, "मालक काय करतात?"

"सैन्यात आहेत."

"झालं," काका मॅडमकडं वळले. "मागची पोरगीबी फौजीचीच हुती. नवऱ्यासंगं ऱ्हायाला क्वार्टर मिळालं आन् गेली. तिच्या आधीचा पुण्याला पळाला. दर बारीला आमी आंधळ्यावानी चाचपडतोय."

मॅडमनी सरळच विचारलं, "तुम्हालाही क्वार्टर मिळणार आहे का?"

सकाळीच नवऱ्यानं फोनवर बजावलं होतं, की क्वार्टरचा विषय आपण होऊन काढू नकोस. मी काढला नव्हता. पण आता विचारलंच होतं.

"अर्ज केलाय," मी म्हटलं. "मिळालं तर जाणार."

मॅडम कागद चाळू लागल्या. नोकरी गेली, हे मला कळलं. घरी जाऊन काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मी करू लागले.

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "आवं मॅडम, मी बोलू का?"

"बोला की."

"आमी मेंढरं घिऊन कराडाकडं जायाचो, तवा कोकरं माझ्याकडं आसायची. कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई. थोरलं पोरगं पोटात हुतं तवा सासू म्हणली, आता जावंला दाव. मग रोज सांजच्याला दोघी मिळून कोकरं पाजायला सोडायचो. शिकली की ती. एकीलाच ठावं ऱ्हायलं आसतं, तर मी बाळंतपणाला म्हायेरी कवा गेली आसते?"

"मग आमी काय करावं म्हणता?" काकांनी विचारलं.

"हिला घ्या. आन् तुमी शिका हिच्याकडनं."

"मी? आवं आज्जी, माझं वय बघा."

"आज्जी कुणाला म्हणता? टक्कल पडलंय तुमाला, मला न्हाई."

मॅडमना इतकं हसू आलं, की त्यांनी पदर तोंडाला लावला. काकाही हसले, पण जरा उशिरा.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "रोज संध्याकाळी काकांना शेजारी बसवायचं. दिवसभर जे केलंत ते त्यांना दाखवायचं. तेवढं चुकवायचं नाही."

सोमवारी संध्याकाळी काका खुर्ची ओढून बसले, ते कपाळाला आठ्या घालूनच. माऊस त्यांच्या हातातून सारखा निसटायचा. दर बटणाआधी ते विचारायचे, "दाबू का? काय उडायचं न्हाई न्हवं?" वडूजच्या कॉलेजात पहिल्यांदा कॉम्प्युटरपुढं बसले, तेव्हा मीही सरांना हेच विचारलं होतं. म्हणून मी घाई केली नाही.

शेवटी एका मेंढपाळाची नोंद त्यांनी स्वतः केली: आजचा मुक्काम, लस बाकी, परवा फोन. नोंद पक्की झाल्याचं पडद्यावर दिसलं, तसे काका मागं रेलले.

"आता तू खुशाल जा क्वार्टरला," ते म्हणाले. आणि लगेच, "पण एवढ्यात नगं गं. देणगीदारांचं दावायचं ऱ्हायलंय."