देवधर सरांचा मॅटाडोर

मिस्टर देवधरांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझा सीव्ही बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. "जखम कुठे आहे, सांग."

इथे इंग्लंडमध्ये सर्जनला डॉक्टर न म्हणता मिस्टर म्हणतात, पण लीड्समधल्या आम्हा मराठी ज्युनियर्सचे ते 'सर'च होते. चित्र म्हणजे कुणा स्पॅनिश चित्रकाराच्या कामाची छापील प्रत होती. बैलाने शिंगावर घेतलेल्या मॅटाडोरला, म्हणजे बैलाशी झुंजणाऱ्याला, चौघे उचलून नेत होते. त्याच्या जरीच्या पोशाखावरून माझी नजर हटेना. "जरी बघू नकोस," सर म्हणाले, "पेशंट बघ."

बैलझुंजीचा त्यांना तिटकारा होता. स्पेनला तीनदा जाऊनही त्यांनी रिंगणात पाऊल टाकलं नाही. म्युझियममध्ये मात्र झुंजींच्या चित्रांपुढे ते इतका वेळ उभे राहायचे, की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, कंटाळून कॅफेत जाऊन बसायच्या. "सगळे ओरडत असतात, तेव्हा चित्रकार एकटाच नीट बघत असतो," असं ते म्हणायचे. पेशंट घाबरतात म्हणून नर्सेसनी दोनदा कंप्लेंट केली. सरांनी चित्र दारामागे हलवलं, पण काढलं नाही.

एका मंगळवारी दुपारी डेल्स या जवळच्या डोंगराळ भागातला एक म्हातारा शेतकरी आला. त्याच्याच बैलाने त्याला मांडीत शिंग मारलं होतं. जखम दोन इंचांची, रक्त थांबलेलं, पायाची नाडी व्यवस्थित. स्कॅनमध्येही काळजीचं काही दिसलं नव्हतं. तो चहा मागत होता. साफ करून टाके घालावेत, असं मी सरांना फोनवर सांगितलं.

"थांब," सर म्हणाले. "बैल शिंग खुपसतो आणि मान झटकतो. बाहेर भोक एक असलं, तरी आत वाट एकच असेल असं नाही. थिएटर तयार ठेव, मी येतोय."

भूल दिल्यावर सरांनी जखम रुंद केली आणि बोट आत घातलं. एक वाट खाली गेली होती. दुसरी वर, थेट मोठ्या धमनीपर्यंत. धमनी एका बाजूने खरवडली गेली होती, तिथे पँटचा चिखलाने माखलेला तुकडा अडकला होता. मी टाके घातले असते, तर तो घरी गेल्यावर ती फुटली असती.

दोन तासांनी सर कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर बसले.

"सर, तुम्हाला फोनवर कसं कळलं?"

"कळलं नव्हतं गं. भीती वाटली. आणि तुला वाटली नाही, याची जास्त वाटली."

नवव्या दिवशी म्हातारा काठी टेकत, बायकोशी वाद घालत घरी गेला. त्याला जाताना बघून मी सिस्टरच्या टेबलाशी बसून मनसोक्त रडले.

सर आता रिटायर होऊन बेसिंगस्टोकला लेकीजवळ राहतात. मी कन्सल्टंट झाले. त्या मंगळवारपासून टाके घालण्याआधी मला भीती वाटते. सुरुवातीला ती मी लपवायचे. हल्ली ज्युनियर्सना मोकळेपणाने सांगते, "मला भीती वाटतेय, आपण आणखी एकदा बघू या." त्यांचे चेहरे सैल पडतात, आणि माझाही.