टायपिंग क्लासच्या दहा मशीन

अंबडला स्टँडजवळ माझ्या काकांचा टायपिंगचा क्लास आहे. सरावाच्या दहा मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, सगळ्या जुन्या, सगळ्यांवर फुकटातली लिनक्स सिस्टिम. कुणी कीबोर्डची मांडणी बदलून ठेवायचं, कुणी फॉन्टच उडवायचं. अंकुशनगरहून एसटीने आलेल्या पोरींचा तास त्यातच जायचा. मग काका जालन्याच्या मेकॅनिकला बोलवायचे. तो पेनड्राइव्ह लावायचा, भजी खायचा, काकांशी गप्पा हाणायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा. मी तिथंच कामाला होतो, पण मला कुणी विचारत नसे. घर की मुर्गी दाल बराबर.

काकांनी मला मानावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून कॉम्प्युटरची एक नवी भाषा शिकायला घेतली. तिच्यात मशीनला 'हे टाक, ते काढ' असे हुकूम सोडायचे नसतात. मशीन कशी हवी ते एका फाइलीत लिहायचं, मशीन तशी होते. दहाही मशीनना एकच फाइल. कुणी काही बिघडवलं तर बंद करून चालू करा, पुन्हा लिहिल्याबरहुकूम. ऐकायला सोपं, पण शिकताना नाकीनऊ आले. सगळा कारभार फंक्शनचा, म्हणजे सूत्रांचा, आणि फंक्शनच्या पोटात पुन्हा फंक्शन. एक अर्धविराम राहिला की मशीन स्क्रीनभर चुका ओकायची, आणि नेमकी कुठली ओळ चुकली तेवढं सोडून सगळं सांगायची. समजावणारी पानं इंग्रजीत, तीही ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली. अख्खा पावसाळा मी त्यात घातला. काका येता-जाता म्हणायचे, "काय खेळून राह्यला रे?"

दिवाळीनंतर सगळ्या मशीन एकसारख्या चालू लागल्या. मी काकांसमोर मुद्दाम एकीची मांडणी बिघडवली, बंद करून चालू केली. जशीच्या तशी!

"पह्यल्यासारखीच तर हाय," काका म्हणाले. "मंग तू नवीन काय केलं?"

तो राग अजून गेलेला नाही.

मेकॅनिक यायचा बंद झाला. मीही नुसता खुर्चीत बसून असायचो, कारण करायला काही उरलंच नव्हतं. उन्हाळ्यात काकांनी मला जवळ बसवलं. "हे बघ, मशीन काही बिघडत न्हाईत. मंग तुझं काम काय? दुसरीकडं बघ आता." गरज सरो, वैद्य मरो, म्हणतात. इथं रोगही वैद्यानेच संपवला होता.

आता मी आष्टीला एका कृषी केंद्रात खताची बिलं करतो. फोन वाजला की वाटायचं, पडली असेल एखादी मशीन बंद. पडावी, असंच मी मनात म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

परवा काकांचा फोन आला. मी गिऱ्हाईक तसंच सोडून घाईने बाहेर आलो.

"तू गेल्ता तवा तुझी काकू म्हणली, क्लास बंद पडंल," काका एकदम खुशीत होते. "साल झालं, एक मशीन बिघडली न्हाई. बघ, तुझ्यावाचून बिलकुल अडलं न्हाई."

"बराबर हाय, काका," मी म्हणालो.