कोण-बोलतंय साहेब

बायकोचा फोन आला तरी "कोण बोलतंय?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. काकू पलीकडून म्हणायच्या, "अहो, मी!" त्यावर साहेब शांतपणे, "मी तर सगळेच असतात. आपण कोण?" मग काकू एक आकडा सांगायच्या, साहेब खिशातल्या यादीतला तो आकडा खोडायचे आणि मगच कोथिंबिरीचा विषय निघायचा. ऑफिसात त्यांचं नावच पडलं, कोण-बोलतंय साहेब.

वीज उपकेंद्रात उभी हयात काढून ते हिंजवडीच्या आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून आले. गच्चीवरच्या सोलरची वीज बाहेरच्या तारेत जाते, ती तोडण्या-जोडण्यासाठी आम्ही एक डबी बनवत होतो. तारेच्या दुरुस्तीला माणूस खांबावर चढणार असला की वीज कंपनी डबीला 'बंद'चा हुकूम पाठवणार, तो उतरला की 'चालू'चा. "हुकूम वीज कंपनीचाच आहे, हे डबीला कसं कळतं?" साहेबांनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं, "सर, सगळं एन्क्रिप्टेड आहे. कुणाला वाचताच येणार नाही."

"वाचायचंय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचणीच्या तारेला एक दिवा जोडला आणि दिव्याच्या गळ्यात माझ्या नावाची चिठ्ठी अडकवली. डबी 'बंद' होती. आम्ही सकाळी पाठवलेला 'चालू'चा संदेश त्यांनी पकडून ठेवला होता. एक अक्षरही न वाचता तोच त्यांनी जसाच्या तसा परत सोडला. दिवा लागला.

"वारलात तुम्ही," साहेब म्हणाले. "चला, चहा घेऊ."

चहा पिताना त्यांनी एकदाच सांगितलं. "आवाज ओळखीचा वाटला, म्हणून मी लाइन चालू केली. खांबावर आमचा बबन होता." तेव्हापासून फोनवरच्या प्रत्येक हुकमाला ते आकडा मागू लागले. वापरलेला आकडा खोडायचा, तो पुन्हा चालत नाही. डबीला हे शिकवेपर्यंत साहेबांनी सही केली नाही. मॅनेजर महिनाभर धुमसत होता. मीही मनातल्या मनात साहेबांना बरंच काही बोलून घेतलं.

निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना शाल दिली, त्यांनी मला आकड्यांची यादी. "दुसरी प्रत घरी फोनपाशी आहे. आकडा नसेल तर फोन ठेवून देईन." आणि एकदा खरंच ठेवला!

परवा सकाळी त्यांच्या घरून फोन आला. सवयीने मी विचारलं, "कोण बोलतंय?"

"एकेचाळीस," काकू म्हणाल्या.

मी यादी काढली. पुढचा आकडा तोच होता. "बोला, काकू."

"हे गेले गं."

एकेचाळीस खोडताना मला रडू आवरेना. खाली अजून कितीतरी आकडे शिल्लक होते.