आक्कांनी शिकवलेली तिरकी रेघ

आक्का कुठलीही वस्तू समोरून बघत नसत. पंपाचा एखादा भाग टेबलावर आला की त्या खुर्चीवरून उठायच्या, टेबलाच्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहायच्या आणि मान जराशी कलती करून त्याच्याकडे बघायच्या. माणसांनाही तोच नियम. माझ्या मुलाखतीच्या दिवशी साहेब प्रश्न विचारत होते आणि एक सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या बाई कपाटाच्या आडून माझ्याकडे बघत होत्या. मी पार गोंधळून गेले. पुढे ओळख झाल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "समोरून काय, सगळेच बरे दिसतात."

ठाण्याला वागळे इस्टेटमधली ती छोटी कंपनी. नव्वद सालच्या सुमारास डोंबिवलीहून मी तिथल्या ड्रॉइंग रूममध्ये लागले. हातात आयटीआयचं सर्टिफिकेट होतं आणि डोक्यात हवा. आक्का बाळकुमच्या, कोळ्याघरच्या. मॅट्रिक होऊन अठराव्या वर्षी ट्रेसर म्हणून लागल्या होत्या. म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने गिरवायचं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवून त्यांना त्या रेघांमागची वस्तू इतकी कळायला लागली होती, की खोलीतले पाचही ड्राफ्ट्समन अडले की त्यांच्याकडेच यायचे. हजेरीपटावर मात्र शेवटपर्यंत 'ट्रेसर'च.

त्यांना एका गोष्टीचा ध्यास होता. आमच्या ड्रॉइंगमध्ये वस्तूची तीन वेगवेगळी दृश्यं असत, एक समोरून, एक वरून, एक बाजूने. ती तिन्ही डोक्यात जोडायची आणि वस्तू उभी करायची, हे काम वाचणाऱ्याचं. आक्कांचं म्हणणं, कोपऱ्यात एक तिरकं चित्रही हवं, ज्यात वस्तू फोटोसारखी उभी दिसेल. हाताने असं चित्र काढायला अर्धा दिवस जातो, म्हणून साहेब नको म्हणायचे. तरी आक्का जेवणाच्या सुट्टीत काढायच्या.

एवढा हट्ट का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, पेनाची टोकं धूत असताना. खूप वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका कामगाराने यंत्राची संरक्षक जाळी उलटी बसवली होती आणि त्यात त्याची दोन बोटं गेली. ते ड्रॉइंग आक्कांनीच गिरवलेलं. बरोबर होतं, एक रेघ चुकलेली नव्हती. त्या त्याला बघायला दवाखान्यात गेल्या, तेव्हा तो म्हणाला होता, "बाई, मला ते समजलंच नव्हतं. विचारायची लाज वाटली."

मी नोकरीला लागल्यानंतर वर्षभराने कंपनीत कंप्युटर आला. एकच. त्याच्यासाठी काचेची केबिन, कंपनीतला एकमेव एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. शिकायला दोन इंजिनियर पाठवले. आक्कांचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं की कंप्युटरसोबत आलेल्या जाड पुस्तकातलं इंग्रजी मला वाचता येईल का. मग साहेबांची परवानगी काढून आम्ही दोघी रोज सकाळी तासभर आधी यायला लागलो. मी वाचून अर्थ सांगायचे, त्या करून बघायच्या.

आठवड्याभरात त्यांना हवं ते सापडलं. पडद्यावर अधिकच्या चिन्हासारखी एक खूण फिरते, तिने रेघा काढायच्या. आयसोमेट्रिक, म्हणजे त्यांना हवं तसलं तिरकं ड्रॉइंग लावलं की तिचे हात आपोआप तीस अंशांत कलायचे, आणि एक बटण दाबत गेलं की ती खूण वस्तूच्या डाव्या बाजूला, मग वरच्या, मग उजव्या बाजूला बसायची. आक्का या बटणाला 'कूस बदलणं' म्हणायच्या. मी भलत्याच बाजूवर रेघ ओढली की मागून आवाज यायचा, "विजू, कूस बदल आधी." गोल भोक तिरक्या बाजूवर गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं, आणि प्रत्येक बाजूवर ते अंडं वेगळीकडे कलतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. ज्या वस्तूच्या तोंडावर पुष्कळ गोल असत तिचं त्या ऑब्लिक काढायला लावत. तोंड जसंच्या तसं सरळ समोर ठेवायचं आणि फक्त खोली तिरकी न्यायची, तीही निम्मी. "पूर्ण खोली दिलीस तर वस्तू सुजल्यासारखी दिसते," असं म्हणायच्या.

महिनाभराने त्यांनी त्या जुन्या जाळीचं चित्र काढलं आणि छापून, कुणाला न विचारता, थेट कारखान्यात भिंतीला लावलं. साहेब रागावले. पण चार दिवसांनी फोरमन स्वतः येऊन म्हणाला की उरलेल्या यंत्रांचीही अशीच द्या. त्यानंतर सहा वर्षं आमच्या खोलीतून चित्राशिवाय कागद बाहेर गेला नाही. त्या सहा वर्षांतल्या सकाळी मला अजून हव्याशा वाटतात. रिकामी खोली, थंडगार केबिन, डब्यातला एक घावन दोघींत.

मग एकदा त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही रेघ पूर्ण झाली आहे का गं?" पडद्यावर रेघ नव्हतीच. काचबिंदूने बरीच नजर आधीच नेली होती, आणि चित्र मोठं करून करून त्यांनी ते लपवलं होतं. दोन महिन्यांत नोकरी सुटली. मुलाने बाळकुमचं घर विकून टिटवाळ्याला नवा फ्लॅट घेतला आणि त्यांना तिकडे नेलं.

मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सून चांगली होती, पण भीतीने त्यांना स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नव्हती. आक्का हळूच म्हणाल्या, "बाळकुमचं घर मला अंधारातही यायचं. हे घर मी बघितलंच नाही विजू. कुठे राहते तेच कळत नाही."

मी टेपने सगळं घर मोजलं. कंप्युटरवर त्याचं आयसोमेट्रिक काढलं, छपराशिवाय, आणि छापलेल्या प्रत्येक रेघेवर डिंकाने जाड दोरा चिकटवला. पंधरा दिवसांनी घेऊन गेले. आक्कांनी त्यावरून बराच वेळ बोटं फिरवली आणि मान हलवली. सगळंच तिरकं, बोटांना कोपरा कळत नव्हता. म्हणाल्या, "डोळे सांभाळून घेतात, बोटं नाही घेत. ऑब्लिक कर. जमीन जशीच्या तशी सरळ ठेव आणि भिंती तेवढ्या तिरक्या उभ्या कर."

पुढच्या रविवारी आणते, असं मी सांगितलं. आणि मला चार महिने लागले. मी नुकतीच नवी नोकरी धरली होती, माझ्या लग्नाच्या बैठका होत्या. कारणं होती, पण रविवारही होते. त्या चार महिन्यांत आक्का बाथरूमकडे जाताना पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी नवा कागद घेऊन गेले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. मला रडू आलं. त्यांनी फक्त डावा हात पुढे केला, कागद मागितला.

पुढच्या वर्षी आक्का गेल्या, म्हणून ती आमची शेवटची भेट ठरली. त्यांनी दोऱ्यावर बोट ठेवलं, बोटानेच पलंगापासून निघाल्या, दारातून वळल्या, पॅसेजमधून पुढे गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या की इथे फ्रिज असणार, मी तो दाखवलेला नाही. खरंच राहिला होता. मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी कागद पलंगावर ठेवला आणि उठल्या.

सून धावली. आक्का म्हणाल्या, "बस तू." आणि भिंतीला हात न लावता पावलं मोजत गेल्या. आम्ही दोघी बसून राहिलो. भांड्याचा आवाज आला, नळाचा आला, बऱ्याच वेळाने लायटरचा. सून उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. मग आल्याचा वास बाहेर आला.

"विजू," आतून हाक आली, "चहा झालाय. कप तेवढे तू ने. एका हाताने तीन नाही यायचे."